केप वसाहतीतील शासन : जमीन, पशुधन व परराष्ट्रसंबंध

आफ्रिका खंडाच्या दक्षिण टोकाजवळील केप वसाहतीत (१६५२–१९१०) जमिनीचे वाटप, गुरांचा व्यवहार आणि शेजारच्या स्वतंत्र समाजांशी ठेवावयाचे संबंध यांसंबंधी रूढ झालेली शासनपद्धती. वसाहतीची स्थापना डच ईस्ट इंडिया कंपनीने केली. १७९५ मध्ये ती ब्रिटिशांनी घेतली. १८०३–०६ या काळात ती बटेव्हियन प्रजासत्ताकाकडे होती. १८०६ मध्ये ब्रिटिशांनी ती पुन्हा जिंकली आणि १८१४ मध्ये ती त्यांना रीतसर मिळाली. जमीन, पशुधन व परराष्ट्रसंबंध हे विषय कागदोपत्री वेगळे असले, तरी केपमध्ये ती एकाच प्रश्नाची तीन अंगे होती. कुरणाचा परवाना दिला की सरहद्द पुढे सरके. सरहद्द सरकली की गुरांवरून तंटा उद्‌भवे. आणि तंट्यातून झालेला तह शेजाऱ्याची आणखी काही जमीन घेऊन संपे.

कंपनीचा काळ : यान व्हान रीबेक ६ एप्रिल १६५२ रोजी टेबल उपसागरात उतरला, तेव्हा राज्य स्थापण्याचा कंपनीचा उद्देश नव्हता. आशियाकडे जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना गोडे पाणी, भाजीपाला आणि मांस पुरविणे एवढेच ठाण्याचे काम होते. मांसासाठी लागणारी गुरे व मेंढ्या खोईखोई पशुपालकांकडून तांबे, तंबाखू व मणी यांच्या मोबदल्यात मिळत. ही अदलाबदल कंपनीने स्वतःच्या हाती राखली होती. खोईखोईंना मात्र दुभती जनावरे व पैदाशीचे वळू विकणे परवडत नसे, कारण कळप हेच त्यांचे धन व सामाजिक प्रतिष्ठेचे साधन होते. १६५७ मध्ये कंपनीने आपल्या नऊ नोकरांना मुक्त करून लीझबेक नदीकाठी शेतीसाठी जमिनी दिल्या. या जमिनी खोईखोईंच्या चराईच्या होत्या. परिणामी १६५९–६० मध्ये पहिले युद्ध झाले. तहाच्या बोलण्यांत खोईखोईंनी जमिनीवरील आपला पूर्वापार हक्क पुढे केला. ती युद्धात गमावली गेली आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. १६६० मध्ये कंपनीने कडू बदामाचे कुंपण लावून आपली हद्द आखली. त्याचे काही अवशेष केपटाउनच्या कर्स्टनबॉश वनस्पतिउद्यानात आजही आहेत.

१६७२ मध्ये दोन खोईखोई नायकांशी खरेदीखते करून केप द्वीपकल्प व लगतचा प्रदेश विकत घेतल्याचे दाखविण्यात आले. खतांत नमूद केलेल्या किंमतीच्या मानाने प्रत्यक्षात दिलेला माल अगदीच क्षुल्लक होता. गोनेमा या नायकाशी झालेले दुसरे युद्ध (१६७३–७७) त्याने दरसाल तीस गुरे खंडणी देण्याच्या अटीवर मिटले. अशा रीतीने गुरे ही व्यापाराची वस्तू न राहता अधीनतेची खूण बनली. १७१३ च्या देवीच्या साथीत असंख्य खोईखोई मृत्युमुखी पडले आणि उरलेल्यांपैकी अनेक जण गोऱ्या शेतकऱ्यांकडे गुराखी म्हणून राहिले.

कुरणांची पद्धती : अठराव्या शतकाच्या आरंभापासून कंपनी चराईसाठी जमिनी ‘उसन्या’ देऊ लागली. अशा कुरणाचा वार्षिक आकार प्रथम बारा व १७३२ पासून चोवीस रिक्सडॉलर होता. त्याची मोजणी होत नसे. मध्यबिंदूपासून सर्व दिशांना घोड्याच्या चालीने अर्धा तास, एवढे क्षेत्र धरण्याची वहिवाट होती. ते सुमारे ३,००० मॉर्गन, म्हणजे अंदाजे २,५०० हेक्टर भरे. जमीन तत्त्वतः कंपनीचीच राही. धारकाला फक्त घर, गोठे इ. बांधकाम विकता येई. व्यवहारात मात्र आकार थकला तरी जमीन क्वचितच परत घेतली जाई. वाटणी करता येत नसल्याने धाकटे मुलगे नव्या कुरणाच्या शोधात पुढे सरकत. त्यांना ट्रेकबोअर म्हणत. शासन त्यांच्यामागून जाई : आधी कुरण, मग नोंद आणि अखेरीस जिल्हा, असा क्रम होता. ग्राफ रायनेट हा पूर्वेकडील जिल्हा १७८६ मध्ये याच क्रमाने निर्माण झाला. जिल्ह्याचा कारभार लँडड्रोस्ट हा अधिकारी स्थानिक शेतकऱ्यांमधून निवडलेल्या सभासदांच्या साहाय्याने पाही. चोरीस गेलेली गुरे परत आणण्यासाठी शेतकऱ्यांची सशस्त्र घोडेस्वार पथके निघत. त्यांना कमांडो म्हणत. या पथकांनी उत्तरेकडील सान शिकाऱ्यांची मोठ्या प्रमाणावर कत्तल केली व त्यांची मुले चाकरीसाठी नेली.

खोसांशी संबंध : पूर्वेकडे वसाहतीची गाठ खोसा समाजाशी पडली. खोसा हे पशुपालन व शेती करणारे, अनेक सरदारांच्या सत्तेखाली राहणारे लोक होत. वधूमूल्य, यज्ञ आणि सरदार व आश्रित यांचे नाते ही सर्व गुरांवर आधारलेली होती. सरहद्दीवरील झूरवेल्ट भागातील गवत उन्हाळ्यात पौष्टिक व हिवाळ्यात निकस असल्याने दोन्ही पक्षांना ऋतुमानाप्रमाणे कळप हलवावे लागत. म्हणून तेथे नदी ही सीमा होणे दोघांनाही गैरसोयीचे होते. तरीही गव्हर्नर व्हान प्लेटनबर्ग याने १७७८ मध्ये काही खोसा सरदारांशी बोलणी केली आणि १७८० मध्ये ग्रेट फिश नदी ही सीमा ठरविण्यात आली. या सरदारांना इतरांना बांधून घेण्याचा अधिकार नव्हता. १७८१ मध्ये कमांडोंनी पाच हजारांहून अधिक गुरे लुटून नेली. येथून सुरू झालेली नऊ सरहद्द युद्धे १८७९ पर्यंत चालली. १८११–१२ मध्ये ब्रिटिश सैन्याने सुमारे वीस हजार खोसांना झूरवेल्टमधून हाकलले. १८१३ मध्ये गव्हर्नर क्रॅडक याने उसन्या कुरणांऐवजी मोजणी करून कायम वार्षिक खंडावर जमीन देण्याची पद्धती सुरू केली.

मागाचा नियम : तिन्ही अंगांचा मिलाफ १८१७ च्या करारात स्पष्ट दिसतो. गव्हर्नर लॉर्ड सॉमरसेट याने न्गिका या सरदाराला सर्व सरहद्दी खोसांचा प्रमुख मानले आणि चोरीच्या गुरांचा माग ज्या वस्तीपर्यंत पोहोचेल, तिने भरपाई करावी, असा नियम त्याच्याकडून मान्य करून घेतला. दख्खनमध्येही माग ज्या गावच्या शिवेत थांबे, त्या गावाने तो पुढे काढून द्यावा किंवा भरपाई करावी, असा जुना रिवाज होता. परंतु तेथे दोन्ही गावे एकाच राजसत्तेखाली असत व पुढे माग काढण्याची मुभा असे. केपमध्ये हा नियम स्वतंत्र शेजाऱ्यावर लादला गेला. फिर्याद, तपास व वसुली ही तिन्ही वसाहतीच्याच हाती राहिली. न्गिकाची सत्ता इतर सरदारांना मान्य नव्हती. १८१८ मध्ये न्द्लांबेने त्याचा पराभव केला, तेव्हा ब्रिटिशांनी त्याच्या बाजूने हस्तक्षेप करून हजारो गुरे पळविली. त्याला उत्तर म्हणून १८१९ मध्ये मखांडाच्या नेतृत्वाखाली ग्रॅहॅम्सटाउनवर झालेला हल्ला फसला. युद्धानंतर फिश व कीसकामा या नद्यांमधील प्रदेश निर्मनुष्य ठेवण्यासाठी काढून घेण्यात आला, तो वसाहतीचा मित्र म्हणविणाऱ्या न्गिकाकडूनच.

सहाव्या युद्धात (१८३४–३५) हिंत्सा या खोसा राजाकडे पन्नास हजार गुरे व एक हजार घोडे मागण्यात आले. ब्रिटिशांच्या ताब्यात असतानाच तो मारला गेला. ब्रिटिश वसाहतमंत्री ग्लेनेल्ग याने युद्धाचा दोष वसाहतीकडे देऊन जिंकलेला मुलूख परत करविला. त्यानंतर आंद्रिस स्टॉकेनस्ट्रोम याने सरदारांशी तह केले. त्यांनुसार सशस्त्र राखणदार असलेल्या कळपांच्या चोरीलाच भरपाई मिळे व सीमा ओलांडून परस्पर वसुली करण्यास बंदी होती. शेजाऱ्याला बरोबरीचा पक्ष मानणारी हीच एक व्यवस्था होती. शेतकऱ्यांच्या विरोधामुळे १८४४ मध्ये ती मोडीत निघाली. १८४७ मध्ये केई नदीपर्यंतचा प्रदेश ब्रिटिशांनी खालसा केला.

विलीनीकरण : १८५३ मध्ये युरोपातून आलेल्या गुरांबरोबर फुप्फुसदाहाची साथ पसरली. जमीन व कळप दोन्ही हातचे जात असता १८५६–५७ मध्ये नाँगकावुसे या मुलीच्या भविष्यवाणीवर विश्वासून अनेक खोसांनी आपली गुरे मारली व पेरणी थांबविली. एका अंदाजानुसार सुमारे चार लक्ष गुरे मारली गेली व चाळीस हजार माणसे उपासमारीने मेली. गव्हर्नर जॉर्ज ग्रे याने भुकेलेल्यांना वसाहतीत मजुरीस पाठविले आणि मोकळ्या झालेल्या जमिनींवर गोऱ्यांच्या वसाहती केल्या.

नवव्या युद्धाच्या वेळी (१८७७–७८) केपचा गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर होता. सातारा संस्थान खालसा झाले (१८४८), तेव्हा तो तेथे अधिकारी होता व पुढे मुंबईचा गव्हर्नर (१८६२–६७) झाला. त्यापूर्वी १८४७ मध्ये केपचे गव्हर्नरपद भूषविणारा सर हेन्री पॉटिंजर हा पेशवाईच्या अस्तानंतर अहमदनगरचा जिल्हाधिकारी होता. १८९४ मध्ये पाँडोलँड खालसा होऊन सरहद्दीवरील अखेरचे स्वतंत्र राज्य संपले. त्याच वर्षीच्या ग्लेन ग्रे कायद्याने त्या जिल्ह्यातील आफ्रिकी कुटुंबांना सुमारे चार मॉर्गनचे अविभाज्य तुकडे दिले आणि मजुरीसाठी बाहेर न जाणाऱ्या पुरुषांवर दहा शिलिंगांचा कर बसविला. परराष्ट्रसंबंधांचा विषय आता महसूल व मजूरपुरवठ्याचा विषय झाला. १८९६–९७ च्या बुळकांडीच्या साथीत उरलेसुरले कळपही नष्ट झाले. या रोगावरील उपायासाठी किंबर्लीस आलेला जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख तेथूनच १८९७ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी मुंबईस आला.

१९१० मध्ये केप वसाहत दक्षिण आफ्रिका संघराज्याचा प्रांत बनली. वर्णद्वेषी राजवटीच्या अखेरीनंतर १९९४ मध्ये झालेल्या कायद्याने हिरावलेल्या जमिनी परत मागण्याचा हक्क दिला. परंतु त्यासाठी १९ जून १९१३ ही मर्यादा ठरविली आहे. कडू बदामाच्या कुंपणापासून पाँडोलँडपर्यंत गेलेल्या बहुतेक जमिनी त्या तारखेपूर्वीच गेल्या असल्याने त्यांच्यावर या कायद्यान्वये दावा सांगता येत नाही.