अफूची पेढी ते उपचारांची खिडकी

एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात अफू विकत होते ते खुद्द सरकार. पाटण्याच्या कारखान्यात अफूचे गोळे खसखशीच्या वाळलेल्या पाकळ्यांत गुंडाळत, एका पेटीत चाळीस गोळे भरत. कोलकात्यात लिलाव होई आणि पेट्या चीनकडे निघत. १८९३मध्ये अफूच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनने इथेही साक्षी घेतल्या; १८९५च्या अहवालात मात्र बंदीची गरज नसल्याचा निर्वाळा दिला.

व्यसनाकडे रोग म्हणून बारकाईने पाहिले ते याच शहराने. १९२१मध्ये ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’मध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झालेल्या डॉ. रामनाथ चोप्रांनी अफू खाणाऱ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. माणूस अफूकडे वळला कसा, याचा त्यांनी शोध घेतला. उत्तरांत चैनीइतकीच दुखणी होती: संधिवात, जुनाट खोकला, अंगमेहनतीचा शीण. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन निजवत, त्यामागेही पोटाचीच निकड होती. चोप्रांनी लेसिथिन आणि ग्लुकोज देऊन अफू सोडवण्याचे प्रयोग केले. ते उपचार मागे पडले, पण कारणांचा त्यांनी घेतलेला शोध आजही मोलाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९४९मध्ये, औषधाव्यतिरिक्त अफू दहा वर्षांत बंद करायचे ठरले. पुढे ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर आली. अफूचेच हे रूप, पण पकड कितीतरी घट्ट. १९८५मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा आला. १९८६मध्ये पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचटांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. नशा थांबवली की सतत जांभया, नाक गळणे, अंगावर काटा, पोटात पीळ, रात्ररात्र झोप नाही, ही ‘टर्की’ काही दिवसांत ओसरते. खरी कसोटी पुढे, जुना अड्डा आणि रिकामा खिसा समोर असताना लागते. त्यासाठी गटचर्चा, घरच्यांची साथ आणि पाठपुरावा लागतो.

नशेसाठी एकमेकांच्या सुया वापरण्यातून एचआयव्ही पसरू लागल्यावर ब्युप्रेनॉर्फिन या पर्यायी औषधाचा उपचार पुढे आला. रोज उपचारकेंद्राच्या खिडकीशी यायचे, परिचारिकेसमोर गोळी जिभेखाली विरघळू द्यायची. तलफ आवरते, माणूस कामावर जातो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ असे म्हणणाऱ्यांनी मधुमेह्याचे इन्सुलिन आठवावे.

या साऱ्या काळात पुन्हा घसरलेल्या रुग्णाला नालायक ठरवण्याची सवय तेवढी सुटली नाही. घसरणे हा आजाराचाच भाग. तेव्हा दार अधिक उघडे हवे. ज्या सरकारी तिजोरीत अफूचा पैसा पिढ्यान्‌पिढ्या जमा झाला, तिने हा खर्च उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून करावा.