पद्मिनीची रास्त किंमत

वऱ्हाडात जुनी मोटार गंजून मरत नाही, वाळून मरते. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत फियाटचा तळपत्रा काही वर्षांतच हाताने तुटायला लागतो. तीच गाडी अकोल्याकडच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाखाली पंचवीस-तीस वर्षं उभी राहिली, तरी टिचकी मारल्यावर पत्रा खणकन वाजतो. जातं ते बाकी सगळं. दारांची रबरं, ब्रेकचे वॉशर, सीटखालचा काथ्या, वायरिंगचं वेष्टण, काही उन्हाने आणि उरलेलं उंदरांनी खाल्लेलं. आमच्याकडे अमरावतीला ट्रॉलीवर लादून आणलेल्या प्रीमियर पद्मिनीची हीच अवस्था होती. मिस्त्रीने तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि निकाल दिला, "पत्रा चांगला हाये भाऊ, रबर मात्र पापडावानी झालं सारं." बॉनेट उघडून लगेच पुढे म्हणाला, "पण तुमाले इंजिन तेच कायले पायजे? मारुतीचं टाकून देतो. पोरगंबी चालवन."

इंजिनाचा हा वाद आमच्यात पुढे बराच काळ चालला. माझं जुन्या फियाटचं वेड शाळेपासूनचं. तोवर ते फोटो, जाहिराती आणि ऐकीव गोष्टींपुरतंच होतं. मिस्त्रीच्या प्रश्नाला उत्तर शोधताना मात्र मी ज्या कागदापाशी पोचलो, तो मोटारीच्या कुठल्याही पुस्तकात नव्हता. तो होता सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर १९७१ चा निकाल, 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार'.

त्याआधीची हकीकत वाचकांना साधारण ठाऊक असेलच. विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मुंबईसाठी मोटार कारखान्याची योजना आखली आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. दिल्लीतल्या इंग्रज सरकारला युद्धकाळातही देशात मोटारी तयार व्हायला नको होत्या. अमेरिकेला मोटारीसाठी गेलेले वालचंद विमान कारखान्याचा घाट घालून परतले आणि १९४० मध्ये बंगळुरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारीची कंपनी निघायला १९४४ उजाडलं. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडल्या, मग फियाट आल्या. १९५३ मध्ये वालचंद गेले. ज्या '११००' ला आपण फियाट म्हणतो, ती त्याच वर्षी इटलीत जन्माला आली. भारतात ती 'डिलाइट' झाली, १९७२ मध्ये 'प्रेसिडेंट' आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. नावं बदलली, पण बॉनेटखालचं इंजिन तेच राहिलं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटरचा बोअर, ७५ चा स्ट्रोक, १०८९ सीसी.

आता निकालाकडे. त्या काळात देशात मोटार बनवणारे तिघंच होते. अँबॅसडरवाली हिंदुस्थान मोटर्स, फियाटवाली प्रीमियर आणि हेराल्डवाली मद्रासची स्टँडर्ड. मोटार विकत घेणं म्हणजे दुकानात जाऊन पैसे मोजणं नव्हतं. १९५९ च्या वाटप आणि विक्री नियंत्रण आदेशामुळे रांगेत नाव लावून नंबर यायची वाट पाहावी लागे. त्यातही फियाटची रांग लांबच लांब. इतकं थांबून मिळणाऱ्या मालाबद्दल तक्रारी एवढ्या वाढल्या, की मोटारींच्या गुणवत्तेची चौकशी करायला सरकारला १९६७ मध्ये स्वतंत्र समिती नेमावी लागली. मग १९६९ मध्ये सरकारने १९५१ च्या उद्योग (विकास आणि नियमन) कायद्यातलं कलम १८-जी वापरून तिन्ही गाड्यांच्या कारखाना-किमती कायद्याने बांधून टाकल्या. कंपन्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

खटला चालू असतानाच मोटार किंमत चौकशी आयोग बसला. आयोगाने कारखान्यांच्या वह्या उघडल्या. पोलाद कितीला पडतं, मजुरी किती, सुटे भाग बाहेरून किती येतात, वॉरंटीवर किती खर्च होतो, भांडवलावर परतावा किती धरायचा. हा निकाल वाचताना आपण कायद्याचा कागद वाचतोय हे विसरायला होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट कशी बनत होती याचा इतका सविस्तर हिशेब मला तरी दुसरीकडे सापडला नाही. न्यायालयासमोरचा मूळ प्रश्न साधा होता. 'रास्त किंमत' रास्त कोणासाठी? सरकारचा रोख गिऱ्हाइकाकडे. न्यायालयाने सांगितलं की रास्त किमतीत गिऱ्हाइकाचं हित आहेच, पण बनवणाऱ्याला वाजवी नफा सुटत नसेल तर तिला रास्त म्हणता येत नाही. गुंतलेल्या भांडवलावर १६ टक्के परतावा धरला गेला आणि माल-मजुरी महागली तर किंमत वाढवून मिळण्याची वाटही ठेवली गेली.

यातल्या कोणाची बाजू घ्यावी, हे मला आजही ठरवता येत नाही. वर्षानुवर्षं नंबराची वाट पाहणाऱ्या गिऱ्हाइकाच्या माथी खडखडणारी गाडी मारून वर 'आम्हाला परवडत नाही' म्हणणाऱ्या कंपन्यांबद्दल फारसा कळवळा वाटत नाही. दुसरीकडे, स्पर्धा परवान्याने संपवायची, किंमत आदेशाने बांधायची आणि मग गुणवत्ता का घसरली म्हणून समिती नेमायची, या कारभाराला काय म्हणावं? एक मात्र त्या निकालामुळे मला पटलं. पद्मिनी ही हौसेची, ऐटीची गाडी कधीच नव्हती. पैपैचा हिशेब करून, जमेल तिथे हात आखडून बनवलेली ती मध्यमवर्गाची गाडी. तिचं इंजिन इतकं साधं का, हेही त्यातून कळतं. डिलाइटची पद्मिनी झाली तरी ते बदलायला कारखान्याकडे ना पैसा होता, ना गरज. मागणी होतीच.

हे समजल्यावर मिस्त्रीला द्यायचं उत्तर तयार झालं. मारुतीचं इंजिन टाकलं तर उरेल ते फियाटचं टरफल. शिवाय या भावनेला आता कायद्याचाही आधार आहे.

२०२१ च्या जुलैत केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज वाहनांचं प्रकरण आलं. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनी १९७४ ची, म्हणजे पहिल्या पद्मिनी २०२४ मध्ये या वयाला पोचल्या. ज्या मालकांनी मिस्त्रीचं ऐकून इंजिन बदललं, त्यांच्या गाड्या त्याच वेळी या दारातून बाहेर पडल्या. पद्मिनीला वेगळी चेसिस नसते, बॉडी हीच चेसिस. त्यामुळे तळ कापून नवा पत्रा जोडतानाही जपून राहावं लागतं. वऱ्हाडचं कोरडं ऊन इथे उपयोगी पडतं. तळ कापायची वेळ सहसा येत नाही.

आमच्या गाडीचं इंजिन जाम झालेलं होतं. त्याचा उपाय जुन्या मिस्त्रींना पाठ असतो. प्लग काढायचे, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडायचं, काही दिवस विसरून जायचं आणि मग पुलीच्या नटला पाना लावून हाताने हळूहळू फिरवायचं. सेल्फ मारायची घाई केली की रिंगा तुटल्याच म्हणून समजा. आमचं सुटलं. बोअरला फार खोल चरे नव्हते. लेथवर एक साइज वाढवून भागलं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्याने ते मात्र प्लेन करून घ्यावं लागलं. ही गाडी एकदा उकळली की हेड वाकतं आणि गॅस्केट फुंकतं. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर चौकात बंद पडते. पंपावर ओला फडका टाकून बॉनेट उघडं ठेवून उभे असलेले फियाटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

यात एक नवी डोकेदुखी भरीला आली आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं. पंपाचा पडदा, पेट्रोलची नळी, कार्बोरेटरचे वॉशर हे जुन्या रबराचे भाग ते फुगवतं आणि सडवतं. एरवी उसाचं सुख पश्चिम महाराष्ट्राला आणि कापसाचं दुःख आम्हाला अशी वाटणी आहेच, त्यात हेही. सोलेक्स कार्बोरेटरचं किट घेताना इथेनॉल सोसणारंच रबर मागावं आणि गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवावी.

भाग कुठून आणायचे, हा सगळ्यांचा प्रश्न. खरं सांगायचं तर आपल्या पद्मिनीचे भाग मुंबईच्या टॅक्सींनी पुरवले. कारखाना २००० च्या आसपास थांबला, पण वीस वर्षांची मर्यादा गाठून टॅक्सी भंगारात निघत होत्या, तोवर कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या दुकानांत दार, काच, बॉनेट, गियरबॉक्स सगळं मिळत असे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. तो झरा आता आटत चाललाय. हँडगियरचे सांधे आणि पुढच्या काचेचं रबर दिसलं की गरज नसतानाही घेऊन ठेवावं.

रंगाबद्दल माझं मत लोकांना आवडत नाही. सध्या जिकडेतिकडे जुन्या गाड्यांना मेटॅलिक मरून फासून, अलॉय व्हील लावून लग्नाच्या वरातीत फिरवतात. सरकारी आदेशाने जिची किंमत बांधली होती, तिला कारखान्यात कधी न मिळालेला झगमगाट कशाला? कारखान्याचा साधा पांढरा किंवा फिका निळा, स्टीलच्या चाकांवर गोल टोप्या, बस्स. पत्राकाम आणि रंग यांत इंजिनापेक्षा जास्त पैसा जातो, म्हणून तरी तो योग्य ठिकाणी घालावा.

आता विंटेज नोंदणी करावी का? माझं उत्तर, नाही. नवी नोंदणी वीस हजारांची, मुदत दहा वर्षं, आणि गाडी रोज चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. जी गाडी मुळात दवाखान्यात, बाजारात, लग्नकार्याला जाण्यासाठी बनली, तिला काचेच्या पेटीत ठेवण्यात काय अर्थ? साधी नोंदणी चालू असेल तर दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं. त्याची फी गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे, वर पर्यावरण कर आहे, तरीही तेच बरं. इंजिन मात्र मूळचंच ठेवावं, म्हणजे पुढच्या पिढीला विंटेजचा रस्ता मोकळा राहील.

म्हणून ज्यांच्या वाड्यात, गोठ्यात, जिनिंगच्या आवारात अशी गाडी उभी आहे त्यांना एकच विनंती. मिस्त्रीला बोलावण्याआधी आरसी बुक शोधा. त्यावरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी ताडून पाहा. गाडी वाशीमची असेल तर नोंद अकोल्याच्या जुन्या वहीत असणार, कारण वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. ती नोंद आधी संगणकावर चढवून घ्या. आरटीओत तिला बॅकलॉग म्हणतात. कागद नसतील तर गाडीवर पैसा घालू नका. कागद असतील तर भंगारवाल्याला परत पाठवा.