गोठ्याच्या दाराशी थांबणारा कायदा

परतीचा पाऊस लांबला की येवला, मालेगाव, चांदवडकडचा मका ओलसर असतानाच पोत्यांत भरला जातो. टिकायचा तर दाण्यातला ओलावा 12-13 टक्क्यांवर यायला हवा. तो आला नाही आणि पोतं थप्पीच्या मधोमध दबलं, की ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी धरते. पोत्याची शिवण उसवताच कुबट वास येतो, दाण्याच्या टोकाशी हिरवट-पिवळी भुकटी दिसते. ऊन देऊन, पाखडून ती भुकटी जाते. तिने तयार केलेलं अफ्लाटॉक्सिन दाण्यात राहतं. यकृताचा कर्करोग करणारं हे विष आहे. 1974 मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात अशाच भिजलेल्या मक्याने शंभराहून अधिक जीव घेतले, बहुतेक आदिवासी.

माणसाच्या धान्यासाठी मर्यादा ठरलेली आहे: किलोमागे 15 मायक्रोग्रॅम. अन्न सुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करून सील करतो, एक अन्न विश्लेषकाकडे जातो, 14 दिवसांत अहवाल येतो. मात्र हे विष साठ्यात सारखं पसरत नाही. शेकडो दाणे स्वच्छ आणि एखाद्यातच ते ठासून भरलेलं. म्हणून युरोपीय संघ धान्याच्या मोठ्या साठ्यातून शंभर ठिकाणचे दाणे काढून 10 किलोंचा एकत्र नमुना करायला लावतो. वरच्या दोन पोत्यांतले दाणे तपासून सगळ्या गोदामाला निर्दोष ठरवणं चूकच.

त्याहून मोठी पळवाट कायद्यातच आहे. 2006 च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने ‘अन्ना’च्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलं. बुरसटलेला मका भरड्यासाठी म्हणून विकला, की तो या कायद्यातून सुटतो. विष सुटत नाही. गाय-म्हैस त्याचं अफ्लाटॉक्सिन एम-1 करते आणि दिवसभरातच ते दुधात उतरतं. दूध उकळून ते जात नाही. 2018 च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात 6,432 पैकी 5.7 टक्के नमुन्यांत ते मर्यादेबाहेर, म्हणजे किलोमागे अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या वर निघालं.

दूध मात्र ‘अन्न’ आहे, तिथे अधिकाऱ्याचा हात पोचतो. संकलन केंद्रावर एम-1 ची पट्टी-चाचणी नियमित व्हावी आणि दोष निघाला की माग थेट भरड्याच्या पोत्यापर्यंत काढावा. शेतकऱ्याचं दूध ओतून देऊन, त्याला खाद्य विकणाऱ्याला मोकळं सोडणं मला मान्य नाही. खाद्य बदललं तर काही दिवसांतच त्याच जनावराचं दूध पुन्हा स्वच्छ येऊ लागतं.