पट्टीच्या टोकाला पांढरा प्रकाश तांबूस का?

मालवणकडे चतुर्थीच्या आराशीत आता एलईडीच्या अशा पट्ट्या दिसतात, की ज्यांतल्या प्रत्येक दिव्याला वेगळा रंग सांगता येतो. अशा चार-पाच पट्ट्या एकापुढे एक जोडल्या, की पांढरा प्रकाश टोकाला तांबूस होतो. दोष दिव्यांचा नसतो. 5 व्होल्टच्या प्रचलित पट्टीतला दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडाला सुमारे 60 मिलिअँपिअर धारा घेतो. मीटरला 60 दिवे धरले, तर 5 मीटरला हिशेबाने 18 अँपिअर! ती पट्टीतल्या तांब्याच्या पातळ थरातून जाताना दाब घटतो. निळ्या-हिरव्या डायोडला सुमारे 3 व्होल्ट लागतात, लालचे 2 व्होल्टवर भागते. म्हणून शेवटी तोच तगतो.

तेव्हा प्रत्येक पट्टीला जाड तारेने वेगळी वीज द्यावी, शक्यतो दोन्ही टोकांना. संदेशाची तार मात्र एकच पुरते. प्रत्येक दिवा आपल्यापुरता संदेश ठेवून उरलेला पुढे धाडतो. वीजपुरवठे अनेक असतील तर त्यांची ऋण टोके एकत्र जोडावीतच, नाहीतर संदेशाचा दाब कशाच्या तुलनेत मोजणार? धन टोके वेगळीच ठेवावीत.

खाऱ्या हवेत उघडे सांधे हिरवे पडतात, रोध वाढून तापतात, आणि आरास तर कापडा-कागदाची! आम्ही सांधे सोल्डर करून झाकतो, प्रत्येक फाट्यावर फ्यूज घालतो.

वर्गात पट्टीच्या दोन्ही टोकांचा दाब मल्टिमीटरने मोजावा. आधी फक्त लाल लावून, मग पांढरा.