लॅपटॉप जागा होण्यास वेळ कां लावतो?

कळ दाबली, दिवा लागला, पंखा फिरूं लागला. परंतु पडद्यावर कारखान्याचें बोधचिन्ह जें उभें राहिलें, तें दोन मिनिटें, तीन मिनिटें हलतच नाहीं. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा आणि घरांतील एकुलत्या एका लॅपटॉपनें असा हट्ट धरावा, हा प्रसंग पुष्कळ कुटुंबांस ठाऊक आहे. 'यंत्र जुनें झालें, नवें घ्या,' असें दुकानदार सांगतो, आणि मुलांच्या शिक्षणासाठीं जपून ठेवलेले हजारों रुपये त्या एका वाक्यासरशीं खर्ची पडतात. वास्तविक दोष कित्येकदां यंत्राच्या अवयवांत नसून त्याला पढविलेल्या पाठांत असतो.

कळ दाबतांच विंडोज किंवा लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम एकदम कामास लागत नाहीं. तिच्या आधीं फर्मवेअर जागें होतें. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आंतील एका चिपमध्यें लिहून ठेवलेली आज्ञावली. तें प्रथम मेमरी, डिस्क, कळफलक यांची हजेरी घेतें व मग कारभार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातीं देतें. विजेच्या बाबतींत मात्र दोघांना पुढेंही एकविचारानें वागावें लागतें. पंखा केव्हां फिरवावा, बॅटरींत वीज किती उरली, झांकण मिटल्यावर कोणते भाग निजवावे, हें ठरवितांना ऑपरेटिंग सिस्टीम फर्मवेअरनें दिलेलीं कोष्टकें वाचते. या पद्धतीचें नांव एसीपीआय. इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनीं डिसेंबर १९९६ मध्यें तिचे नियम प्रसिद्ध केले. २०१३ सालीं ते यूईएफआय फोरम या संस्थेकडे सोंपविण्यांत आले.

या कोष्टकांत केवळ आंकडे नसतात. लहान लहान आज्ञाही असतात, आणि त्या लिहितांना माणसाच्या हातून चूक होते. यंत्रांत नसलेल्या भागाचें नांव लिहिलें जातें; एखादी आज्ञा अपुरी राहते. शिवाय कोष्टक ऑपरेटिंग सिस्टीमला 'तूं कोणती?' असें विचारूं शकतें आणि उत्तर पाहून निरनिराळ्या वाटांनीं जातें. कारखान्यांत एका वाटेची परीक्षा झाली व दुसरीची राहिली, कीं दुसऱ्या वाटेनें जाणाऱ्याला ठेंच लागते.

विलंब कसा होतो तें पाहावें. बॅटरी, पंखा इत्यादिकांवर देखरेख करणारा एक लहानसा नियंत्रक लॅपटॉपमध्यें असतो. त्यास एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात. त्याला प्रश्न विचारल्यावर लिनक्स सामान्यतः अर्ध्या सेकंदापर्यंत उत्तराची वाट पाहते. असे साठ प्रश्न अनुत्तरित राहिले, तर तीस सेकंद गेले. आणि मोडलेलें तर कांहींच नसतें! दुसरा प्रकार याच्या उलट. वर्गांतील एकच मुलगा विनाकारण सारखा हात वर करूं लागला, तर शिक्षकांचा पाठ पुढें सरकत नाहीं. तसाच कोष्टकांतील चुकीमुळें एखादा भाग प्रोसेसरला क्षणाक्षणाला खोटी हांक मारीत राहतो.

परीक्षेचें पहिलें साधन घड्याळ. विंडोजमध्यें बोधचिन्हाखालीं ठिपके फिरूं लागले म्हणजे तिचें काम सुरू झालें असें समजावें. त्यापूर्वींचा वेळ फर्मवेअरचा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप या भागांत 'लास्ट बायोस टाइम' म्हणून तो बहुधा सेकंदांत लिहिलेलाही आढळतो. लिनक्समध्यें 'सिस्टमडी-ॲनलाईझ' ही आज्ञा अशीच वांटणी करून दाखविते. परवलीचा शब्द दिल्यानंतरच वेळ लागत असेल, तर आपोआप उघडणारे कार्यक्रम आधीं तपासावे. चार्जर लावून एकदां व काढून एकदां, असें दोनदां मोजावें; वेळांत मोठा फरक पडला, तर विजेच्या व्यवस्थेचा संशय बळावतो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, 'शट डाउन' केल्यावरही यंत्राची कांहीं स्थिति डिस्कवर राखून ठेवली जाते. म्हणून ही मोजणी 'रीस्टार्ट' करून करावी.

दुसरें साधन यंत्राची नोंदवही. लिनक्समध्यें 'डीमेसेज' आज्ञेनें ती उघडते. प्रत्येक ओळीच्या आरंभीं काळ सेकंदांत दिलेला असतो. येथें पुष्कळांची फसगत होते. 'एसीपीआय एरर' हे शब्द पाहून ते घाबरतात. परंतु चांगल्या चालणाऱ्या यंत्रांतही अशा ओळी आढळतात. दोन ओळींमधील काळ पाहावा. एक ओळ चौथ्या सेकंदाची व पुढची चौतिसाव्या सेकंदाची असेल, तर त्या पोकळीच्या दोन्ही कांठांवर अपराध्याचा माग लागतो. तेथें डिस्कच्या तक्रारी दिसल्या, तर सर्व काम थांबवून प्रथम कागदपत्रांची नक्कल दुसरीकडे करून घ्यावी.

उपाय सोप्याकडून अवघडाकडे करावे. प्रथम लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढावी, आणि सुरू करण्याची कळ सुमारें तीस सेकंद दाबून धरावी. पुष्कळ लॅपटॉपांत एवढ्यानें नियंत्रक नव्यानें कामास लागतो. गुण न आल्यास उत्पादकाकडून त्याच प्रतिरूपाचें नवें फर्मवेअर घ्यावें. तें घालतांना चार्जर लावलेला असावा, आणि मध्येंच यंत्र बंद करूं नये. अर्धवट लिहिलेल्या फर्मवेअरमुळें तें कायमचें मुकें होऊं शकतें. लिनक्समध्यें एसीपीआय अजीबात बंद करण्याची सोय आहे. पण ती निदानापुरतीच वापरावी, कारण मग पंखा व बॅटरी यांवरील देखरेख सुटते.

एवढें करूनही विलंब टळला नाहीं, तर कोणत्या टप्प्यास किती सेकंद लागले व चार्जर काढल्यानें काय फरक पडला, हें कागदावर लिहून तो कागद दुरुस्ती करणाऱ्यापुढें ठेवावा. मग 'यंत्र जुनें झालें' एवढ्यावर त्याला भागवितां येत नाहीं. पोकळी कोठें आहे, हें त्याला शोधावेंच लागतें.