माणसं कोणाची?

आपल्या दक्षिणेला समुद्रात श्रीलंका हे बेट आहे. तेथे सिंहली लोक जास्त, तमिळ कमी. पण चिंचोळ्या समुद्राच्या अलीकडे, आपल्या तमिळनाडूत, तमिळ लोक कोट्यवधी. म्हणून घरात थोरले असूनही सिंहली लोकांना धाकटेपणाची भीती वाटे.

ही भीती चहाच्या मळ्यांतल्या तमिळ मजुरांना भोवली. इंग्रजांनी त्यांच्या वाडवडिलांना भारतातून नेले होते. १९४८ च्या कायद्याने बहुतेक मजूर बिनदेशी झाले. बाई मळ्यातच जन्मली, जन्मभर चहा खुडला. पण ती कोणत्या देशाची, हे सांगणारा कागद तिच्याजवळ नाही!

लंका म्हणे, ही माणसं तुमची. भारत म्हणे, तुमचीच. दुसऱ्या देशाशी कसे वागायचे, ह्याला परराष्ट्र धोरण म्हणतात. लंका लहान, दांडगाई करून तिचे भागणार नव्हते. बोलणी झाली. १९६४ साली लालबहादूर शास्त्री व सिरिमाओ बंदरनायके यांनी करार केला. सव्वापाच लाख माणसे भारताने घ्यायची, तीन लाख लंकेने. राहिलेली दीड लाख १९७४ साली निम्मी निम्मी वाटली. गुरांची वाटणी करावी तशी ही वाटणी आम्हाला तरी रुचत नाही.

कित्येकांचा निकाल त्यानंतरही लागला नाही. लंकेत उरलेल्या बिनदेशी मजुरांना नागरिकत्व देणारा कायदा तेथे २००३ साली झाला.