छेद लहान, प्रश्न मोठा

‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हे शब्द खालापूर-कर्जतकडच्या बायकांना नवे नाहीत. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांनी ते केव्हाच गावोगाव पोहोचवले. पण त्याच दुर्बिणीने बीजांडकोशाची गाठही काढता येते, हे पुष्कळ घरांत ठाऊक नसते. ‘पोट फाडतील’ या धास्तीने दुखणे अंगावर काढले जाते. लावणी होऊ द्या, मग पाहू, असे म्हणता म्हणता भाताची कापणी येते.

धास्ती अगदीच खोटी नव्हे. १८०९ साली अमेरिकेतल्या केंटकीत डॉ. एफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन क्रॉफर्ड या बाईंची अशी गाठ पोट उघडून काढली, तीही भुलीवाचून. कारण तशी भूल तेव्हा नव्हतीच. गाठ सुमारे दहा किलोंची! बाई त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगल्या.

आपल्या लोकलने भायखळ्याला उतरणाऱ्यांना जे. जे. रुग्णालय अनोळखी नाही. तिथेच १९९० साली डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले; देशातली ती पहिली अशी शस्त्रक्रिया. गाठीसाठीही रीत तीच. पूर्ण भूल देऊन बेंबीपाशी लहानसा छेद घेतात, वायूने पोट फुगवतात, कॅमेऱ्याची दुर्बीण आत जाते. आणखी दोन-तीन छिद्रांतून हत्यारे घालून गाठ सोडवतात आणि पिशवीत भरून बाहेर काढतात. बाई बहुधा एक-दोन दिवसांत घरी येते. जिचे पोट हातावर आहे, तिला याचे मोल अधिक.

तरी छेद केवढा, हा प्रश्न दुसरा. गाठ कसली, हा पहिला. पाळीच्या वयातल्या पाण्याच्या साध्या गाठी पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतात. पाळी गेल्यानंतरची किंवा आत भरीव भाग असलेली गाठ मात्र सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून पारखून घ्यावी. कर्करोगाची शंका असेल, तर गाठ आत फुटून पेशी पसरू नयेत म्हणून डॉक्टर मोठा छेद सुचवतात. तेव्हा दुर्बिणीचा हट्ट धरू नये. गाठीला पीळ बसला, तर एकाएकी असह्य कळ येते, उलट्या होतात. अशा वेळी सकाळची वाट पाहणे म्हणजे बीजांडकोश गमावणे ठरू शकते.

सण, पाहुणे, शेत, मुलांच्या परीक्षा, सगळे उरकले की मग घरच्या बाईचे दुखणे, अशी आपली रीत. दुर्बिणीने छेद लहान केला. हा उशीर कमी करणे मात्र घरच्यांच्याच हाती आहे.